बेचाळीस किलोमीटर, आणि वर थोडे

मॅरेथॉन हा शब्द आमच्या शाळेतील चौथीची मुले ‘मराठॉन’ असा उच्चारतात आणि तो मराठीच आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. ती दूर करण्याची आम्ही अद्याप घाई केलेली नाही. ज्या शाळेत मराठी वर्गाची बाके वर्षागणिक रिकामी होत चालली आहेत, तेथे एखादा परका शब्द मुले आपण होऊन मराठीच्या पदरात घालीत असतील, तर मुख्याध्यापकाने हरकत का घ्यावी? वस्तुतः हा शब्द ग्रीक आणि त्याचा अर्थ बडीशेप! जेवणानंतर चिमूटभर मुखवास तोंडात टाकणाऱ्या आम्हा सुरतकरांना ही व्युत्पत्ती रुचावी. बडीशेप माजलेल्या ज्या मैदानावर ख्रिस्तपूर्व ४९० मध्ये अथेन्सकरांनी इराणी सैन्याचा पराभव केला, त्या मैदानाचे हे नाव. विजयाची वार्ता सांगून प्राण सोडणारा दूत मात्र पुढच्या काळातील लेखकांनी रंगविलेला आहे. हिरोडोटसचा दूत धावतो तो युद्धाआधी, स्पार्टाकडे मदत मागण्यासाठी. प्राण सोडण्याची कथा अधिक लोकप्रिय झाली यात नवल नाही. लोकांना धावणारा मेलेला अधिक आवडतो.

आपल्या माणसांचा या शर्यतीशी संबंध फार जुना आहे, हे आम्हांला स्वतःलाही पन्नाशी उलटल्यावर कळले. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडासामन्यांत सर दोराबजी टाटा यांनी अनवाणी धावणारे शेतकरी पाहिले. ना त्यांना कोणी शिक्षक, ना पायांत जोडे. तरी लांब पल्ल्याच्या धावण्यात त्यांची वेळ युरोपीय स्पर्धकांच्या फारशी मागे नव्हती. त्यातूनच १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचे खेळाडू गेले. मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि त्यांच्या जोडीला सदाशिव दातार उतरले. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. ती शर्यत आजच्या मापाहून काहीशी लांबच होती, कारण ४२ किलोमीटर १९५ मीटर हे अंतर सर्वत्र ठरून गेले ते त्यानंतर, १९२१ साली. बेळगावचा हा गडी आज कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे? आम्ही तीस वर्षे पाठ्यपुस्तके शिकविली, आम्हांला तो कोठेच भेटला नाही. ज्या घराण्याने चौगुल्यांना जहाजावर चढविण्यात पुढाकार घेतला, त्याच टाटांचे नाव २०१८ पासून मुंबईच्या मॅरेथॉनला लागले, हा योगायोग मात्र मोठा गमतीचा.

त्या मुंबईच्या शर्यतीला, २१ जानेवारी २०२४ रोजी, आम्ही चौघे सुरतेहून गेलो होतो. आमच्या शाळेतील एक शिक्षिका, शेजारचे एक गुजराती स्नेही, हिऱ्यांची दलाली करणारे, आमचा एक माजी विद्यार्थी, आणि आम्ही. यांपैकी खरा धावणारा एकच होता, तो विद्यार्थी. बाकीचे तिघे डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालू लागलेले आणि संगतीने बिघडून धावू लागलेले.

त्या मुलाविषयी थोडे सांगितले पाहिजे. वडील धुळे जिल्ह्यातून लूम्सच्या कामाला सुरतेस आले. लिंबायतमधील दोन खोल्यांत संसार. आई साड्यांना लेस आणि टिकल्या लावण्याचे काम घरी आणते. मुलगा आमच्या शाळेतून बाहेर पडला, बारावी झाला आणि पोलीस भरतीच्या मागे लागला. गुजरातेत लोकरक्षक व्हावयाचे तर पाच किलोमीटर पंचवीस मिनिटांत धावावे लागते. ते त्याने सहज पार केले. लेखी परीक्षेत थोड्या गुणांनी राहिला. मग वडिलांच्याच खात्यात बारा तासांची पाळी, मीटरमागे मजुरी, एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. तरी धावणे सुटले नाही. रात्रपाळी करून सकाळी सातला बाहेर पडलेला हा मुलगा उधना-मगदल्ला रस्त्याने धावत जाताना आम्ही पाहिला, तेव्हा प्रथम वाटले की कोणी त्याच्या मागे लागले आहे!

मुंबईचा विषय काढला तेव्हा त्याने विचारले, “सर, पाच किलोमीटर धावलो तर निदान नोकरीची आशा होती. बेचाळीस धावून काय मिळणार?”

आम्ही मराठीचे एम. ए. उत्तरादाखल दहा वाक्ये तोंडावर आली होती. ती आम्ही गिळली. त्याच्या हिशेबात प्रवेशशुल्क होते, जोडे होते, दोन दिवसांचा खाडा होता. पैसे आम्ही देऊ केले, ते त्याने उसने म्हणून घेतले आणि तीन हप्त्यांत फेडीन असे बजावून घेतले.

सरावाची कहाणी लांबवीत नाही. पहाटे पावणेपाचला अठवागेटहून निघावयाचे आणि डुमस रस्त्याने जमेल तितके जावयाचे. दर आठवड्याला अंतर थोडेथोडे वाढवावयाचे, एकदम नाही; रविवारी लांब धाव, तीही सावकाश, बरोबरच्याशी बोलता यावे इतक्या गतीने. कुत्र्यांचा एक स्वतंत्र अध्याय होऊ शकेल. आमच्या स्नेह्यांनी त्यांच्यासाठी खिशात पार्ले बिस्किटे ठेवण्यास आरंभ केला. परिणामी डिसेंबरपर्यंत आमच्यामागे सहा कुत्री नियमाने मॅरेथॉनचा सराव करू लागली. परतताना तापीकाठी गरम पोंक मिळे, त्यामुळे धावून उतरलेले वजन जागच्या जागी परत येई.

आपल्या लोकांना लांबचा पल्ला नवा नाही. आळंदीहून पंढरपूर आणि खानदेशातून चैत्रात वणीचा सप्तशृंगगड, हे पायीच चालत आले आहे. या मुलाची आई स्वतः तीनदा वणीला पायी गेलेली. तिला मॅरेथॉन समजावताना आम्हांला एकच अडचण आली. “शेवटाला देव कोणता?” असे तिने विचारले.

शर्यतीच्या आदल्या रात्री आम्ही गिरगावात मावसभावाकडे उतरलो. झोप कोणाला आली असेल तर ती फक्त त्या मुलाला. लूम्सच्या खडखडाटात झोपण्याची सवय असलेल्याला गिरगाव म्हणजे अरण्यच. पहाटे चारला आम्ही चालत बोरीबंदरास पोहोचलो. त्या थंड अंधारात हजारो माणसे उभी होती आणि त्यांतली बहुतेक प्रसाधनगृहाच्या रांगेत. छातीवरील क्रमांकाच्या कागदामागे एक चकती असते. ती रस्त्यावरील पट्टीवरून गेली की आपली वेळ नोंदली जाते. म्हणजे गर्दीत मागे राहिलेल्याचेही नुकसान नाही. सरकारी कचेरीत अशी पट्टी बसविता आली तर, असा एक अवांतर विचार मनात येऊन गेला.

सुमारे तासापर्यंत सर्वच वीर असतात. मरीन ड्राइव्हचे दिवे, चौपाटीवरून येणारा वारा, पेडर रोडचा चढ. काहीच जाणवत नाही. वरळीहून आम्ही सागरी सेतूवर चढलो तेव्हा पूर्वेला नुकते फटफटू लागले होते. २००९ साली खुल्या झालेल्या या साडेपाच किलोमीटरच्या पुलावर पायी चालणाऱ्यास एरव्ही मज्जाव आहे. मोटारीतून तो चार-पाच मिनिटांत सरतो आणि हाती काही लागत नाही. पायांनी तो संपता संपत नाही. दोहीकडे काळे पाणी हळूहळू राखी होत गेले. आसपास शेकडो माणसे असून कोणी बोलत नव्हते, नुसता पावलांचा आवाज, भिजल्या कापडावर धोका मारावा तसा. आमच्या पुढे एक बाई नऊवारी नेसून, नथ घालून धावत होत्या. त्यांना आम्ही शेवटपर्यंत गाठू शकलो नाही.

माहीमपासून दिवस उजाडला आणि मुंबईकर रस्त्यावर आले. हे दृश्य पाहावे असेच आहे. म्हातारी माणसे घरच्या ताटात संत्र्याच्या फोडी, चिक्की, मिठाची चिमूट घेऊन उभी. लेझीम, ढोल, शाळेची वाद्यपथके. एका लहान मुलीने हात पुढे केला. आम्हांला वाटले खाऊ आहे, तर तिला फक्त टाळी हवी होती. प्रभादेवीच्या सुमारास मागून पोलिसांच्या मोटारसायकली आल्या आणि पाठोपाठ इथिओपियाचे धावपटू. ते सव्वासातनंतर निघाले होते, आम्ही पाचला. त्यांचे पाय जमिनीला लागतात की नाही हे ठरविण्याच्या आत ते दिसेनासे झाले. त्या दिवशीचा विजेता हायले लेमी याने २ तास ७ मिनिटे ५० सेकंदांत शर्यत संपविली. भारतीय स्त्रियांत पहिल्या आल्या त्या गुजरातच्या निर्माबेन ठाकोर, नाशकात सराव केलेल्या. गुजरातची लेक आणि नाशिकचे पाणी. आपल्या वाचकांना हे सांगताना आम्हांला दुप्पट आनंद होतो. सातारच्या माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर यांनी याच रस्त्यावर २०१२ पासून लागोपाठ तीन वर्षे भारतीय स्त्रियांत पहिला क्रमांक मिळविला आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली. माणसारख्या दुष्काळी तालुक्याने आणखी काय द्यावे?

धावणारे ज्याला ‘भिंत’ म्हणतात ती आम्हांला वरळीला भेटली. स्नायूंत आणि यकृतात साठविलेली साखर साधारण तीस किलोमीटरपर्यंत पुरते. पुढे शरीर चरबी जाळू पाहते आणि ते काम फार मंद. पाय आपले राहत नाहीत. साधी बेरीज जमत नाही. उरलेले किलोमीटर आम्ही तीनदा मोजले आणि तीन निरनिराळी उत्तरे आली. आमचे हिरेदलाल स्नेही येथेच पोटरीत वांब येऊन फुटपाथवर बसले. स्वयंसेवकांनी औषध फवारले, पाय चोळले. पण ते उठेनात. आम्ही थांबलो तेव्हा म्हणाले, “माट्टरसाहेब, तमे जाव. हूं तो हीरा पारखुं छुं, मने खबर छे के आ माल हवे नहीं चाले.” त्यांना गाडीतून परत नेण्यात आले. घरी जाईपर्यंत त्यांच्या तोंडचे हास्य मावळले नव्हते, असे आमच्या शिक्षिकाबाईंनी सांगितले. बाईंनी स्वतः दहा किलोमीटरची शर्यत एक तास चोवीस मिनिटांत पुरी केली होती आणि वेळ त्या सेकंदासकट सांगत होत्या.

पेडर रोडचा तोच चढ परतीच्या वाटेवर पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पुन्हा येतो. पहाटे जो जाणवलाही नव्हता, तो आता घाटासारखा उभा राहिला. ऊन चढले होते. धावणे केव्हाच संपले होते. आम्ही चालत होतो, आणि आमच्यासारखेच शेकडो, अवघी पालखी चालावी तसे.

मरीन ड्राइव्हवर कठड्याच्या बाजूने हाक आली, “सर!” तो ३ तास २८ मिनिटांत शर्यत संपवून, कपडे बदलून, आम्हांला शोधीत उलट चालत आला होता. पदक सदऱ्याच्या आत होते. आता तो फुटपाथवरून आणि आम्ही रस्त्यावरून, असे बरोबरीने निघालो. बराच वेळ गेल्यावर तो आपण होऊन बोलू लागला. माहीमला एका हवालदाराने त्याला पाण्याची बाटली दिली आणि मराठीत विचारले, “दमलास का रे? कुठला तू?” याने सुरत म्हटल्यावर तो हवालदार चक्क टाळ्या वाजवू लागला.

“सर, किती मोठमोठ्या गाड्या उभ्या होत्या हो,” तो म्हणाला. “पोलीस त्यांना अडवत होते. आपल्याला नाही.”

आम्ही काही बोललो नाही. बोलण्याइतका श्वासही नव्हता. ५ तास ४१ मिनिटांनी आम्ही बोरीबंदरची रेषा ओलांडली.

संध्याकाळच्या फ्लाइंग राणीने परतलो. सुरतेच्या स्थानकावर जिना उतरताना आम्ही तिघे पाठमोरे उतरत होतो, कारण पुढे तोंड करून उतरणे पायांना मान्य नव्हते. हमाल थांबून पाहू लागले. तो मुलगा मात्र सरळ उतरला. सोमवारी सकाळी सातला तो लूम्सवर उभा होता. दोन दिवसांचा खाडा मजुरीतून गेला. पदक आईने हातात तोलून पाहिले, पितळ की काय ते विचारले आणि देव्हाऱ्यात सप्तशृंगीच्या तसबिरीखाली ठेवले. हप्त्यांपैकी शेवटचा एप्रिलमध्ये आमच्या हाती पडला, मोजून.

पुढच्या भरतीचा अर्ज त्याने भरला आहे. दिवसपाळीच्या आठवड्यात तो रात्री आठला आमच्या घरी येतो. पाच किलोमीटरची त्याला चिंता नाही; प्रश्न आहे तो लेखी परीक्षेचा, आणि तो पेपर गुजरातीत. तेव्हा आम्ही मराठीचे एम. ए. सध्या गुजराती व्याकरणाचे पुस्तक घेऊन बसतो. काल ‘संधि’ झाली. उद्यापासून ‘समास’ घ्यावयाचे आहेत.