आधी हवा, मग टायर

हेमलकसा, भाद्रपद

चि. भाच्यास,

सायक्लोक्रॉसच्या पहिल्या शर्यतीला कोणते टायर घेऊ, असं विचारलंयस. टायरचं नंतर. आधी हवा मोजायला चांगला गेज घे. पंपावरचा काटा इतक्या कमी दाबाला भरवशाचा नसतो आणि या खेळात दोन-तीन पीएसआयने चाकाचा स्वभाव बदलतो.

बाबा आमट्यांची भारत जोडो यात्रा १९८५च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून निघाली, तेव्हा तरुण मंडळींनी सायकली हाकल्या त्या सडकेने. सडकेला टणक चाक ठीक. सायक्लोक्रॉसमध्ये सडक जेमतेम; बाकी गवत, वाळू, चिखल आणि मध्येच सायकल खांद्यावर टाकून पळणं. टणक चाक तिथे ढेकळाढेकळावर उसळतं. हवा कमी असली की टायर दबतो, जमिनीला जास्त टेकतो, वळणावर धरून राहतो. आंतरराष्ट्रीय शर्यतीत ३३ मिलिमीटरहून रुंद टायर चालत नाही. एवढ्या रुंदीला, सत्तर किलोच्या स्वाराने ट्यूबलेसमध्ये २५ ते ३० पीएसआयपासून सुरुवात करावी. भार मागे जास्त, म्हणून मागच्या चाकात एक-दोन पीएसआय वाढवून.

किती उतरवायची? रिम दगडाला टेकू लागली की थांबायचं. आत ट्यूब असेल तर ती रिम आणि दगडात चिमटते, शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबवाल्याने हवा थोडी जास्तच ठेवावी. ट्यूबलेसला ती भीती कमी, पण फार उतरवली तर करकचून वळताना कडेने हवा फुसकन निघते. युरोपातले कसलेले स्वार रिमला चिकटवायचे ट्युब्युलर टायर घेऊन चिखलात विशीच्याही खाली जातात. ते डिंकाचं झेंगट तुला नको.

आता टायर. त्याची नक्षी समजून घ्यायची तर उन्हाळ्यात इकडे ये. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम मिळतात. तिथल्या वाळूत बटण टायर रुततो, बारीक नक्षीचा वरून सरकतो. बेल्जियममधल्या कोक्सैदेच्या वाळूच्या टेकड्यांवरही हाच हिशेब. रोवणीच्या बांधीत मात्र उंच, विरळ बटणंच हवीत, म्हणजे फिरत्या चाकावरून चिखल झडतो. दाट बटणांत तो भरून बसला की टायर गुळगुळीतच झाला म्हण.

एकच जोडी परवडणार असेल, तर मधोमध बारीक नक्षी आणि कडेला बटणं असलेली घे. शर्यतीच्या सकाळी हवा जरा जास्त भरून जा, मार्गावर फेऱ्या मारत थोडी थोडी सोड. कुठल्या आकड्याला चाक धरू लागलं, ते कळव.

तुझा मामा