पोटफोड्या 'ष' कसा तयार झाला?



पहिलीच्या मुलांना अक्षरं गिरवायला लाकडी पाट्या हव्या होत्या. कोरलेल्या खाचेतून बोट फिरलं की अक्षराचं वळण हाताला कळतं. म्हणून मी रोटरी टूल घेतलं. पेनासारखं धरायचं, टोकाला बारीक बिट गरगर फिरते. म्हटलं, खडू धरणाऱ्या हाताला हे काय अवघड?

लाकूडही मिळालं. आंबेगाव तालुक्यातलं जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तिथून उठताना एका विद्यार्थ्याच्या आजींनी घराच्या दाराची सागवानी फळी सोबत आणली होती. तीच त्यांनी शाळेला दिली.

आणि मी काय केलं? सराव न करता थेट त्या फळीवर 'प' कोरायला घेतला. एका हाताने फळी दाबून धरलेली, दुसऱ्या हातात यंत्र. उभी रेघ लाकडाच्या रेषेबरोबर छान गेली. खालचं वळण घेताना जोर दिला आणि बिट सटकली. 'प'च्या पोटातून तिरपा ओरखडा! बोट थोडक्यात वाचलं. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षं टिकून आहेत. म्हणजे माझी चूकही टिकणार, असं वाटून रडूच आलं.

नंतर गावातल्या सुतारकाकांकडे गेले. त्यांनी शिकवलं ते तुम्हालाही सांगते.

पहिला सराव टाकाऊ तुकड्यावर, शिवणीसारखं मऊसर लाकूड मिळालं तर उत्तम. फळी क्लॅम्पने घट्ट आवळायची, म्हणजे दोन्ही हात यंत्राला मोकळे राहतात. बिट बदलताना प्लग काढायचाच. फिरती बिट चाकासारखी एका बाजूला पळू बघते. आपण तिच्या उलट दिशेला ओढत न्यायचं, म्हणजे ताबा राहतो. खाच एका दमात खोल करायची नाही, हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवायचं. अशा यंत्रांचा वेग मिनिटाला साधारण ५,००० ते ३५,००० फेऱ्यांपर्यंत असतो. काम वेगाने करवून घ्यायचं, जोराने नाही. जळका वास आला की समजा, आपण दाबतोय किंवा बिट बोथट झालीय.

डोळ्यांना गॉगल, नाकाला मास्क हवाच, कारण लाकडाची बारीक धूळ फुप्फुसाला वाईट. ओढणी, मोकळे केस, सैल हातमोजे नकोत.

आणि मुलांच्या हातात हे यंत्र द्यायचं नाही. माझी मुलं फळीवर पेन्सिलने अक्षर काढतात आणि मी कोरून आणलं की पॉलिश पेपरने घासतात. त्यातही ती खूश असतात.

आता ती फळी. आजींना दाखवायला गेले तेव्हा मान खाली होती. त्यांनी ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बाई, पाण्यात गेली असती ती. पोरांच्या बोटाखाली आली, बरंच झालं की."

दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीने फळी बघितली आणि ओरडली, "बाई, हा तर पोटफोड्या ष!"

मग मी तो ओरखडा नीट खोल केला. आज आमच्या वर्गात सगळ्यात जास्त गिरवलं जाणारं अक्षर तेच आहे. 'प'साठी दुसरी फळी घेतली. यावेळी आधी सराव केला.