मुंदे, हिंदे आणि न्यूट्रल

होडीला ब्रेक नसतो. जमिनीवरच्या माणसाला हे सांगितलं की तो मान डोलावतो, पण त्याला ते कळलेलं नसतं. मोटारीत पाय दाबला की गाडी थांबते. होडीत थांबायचं म्हणजे पंखा उलटा फिरवायचा, आणि त्यासाठी गिअर आधी पुढून मध्ये आणि मग मधून मागे यायला हवा. तो वाटेतच अडला तर समोरचा धक्का आपला जवळ येतच राहतो. आम्ही सदाशिवगडची माणसं काळी नदीच्या मुखाशी राहतो. ओहोटीचं पाणी पुलाच्या खांबांमधून कशी ओढ घेतं ते लहानपणापासून पाहत आलो आहोत. जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर कोसळला, एक लॉरी पाण्यात गेली, तिचा चालक नशिबानं वाचला. तेव्हापासून त्या बाजूनं होडी नेताना तर हात दांडीवरून हलतच नाही.

दादाची होडी अठरा फुटी, फायबरची. १९९४ साली गोव्यातल्या एका गृहस्थाकडून त्यानं ती जुनीच घेतली, तेव्हा तिचं खरं वय विचारायला आमच्याकडे कुणी धजत नाही. मागे चाळीस अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन आणि उजव्या हाताला एका दांडीचा कंट्रोल बॉक्स. दांडी उभी असली की न्यूट्रल. थोडी पुढे ढकलली की गिअर पडतो, आणखी ढकलली की रेस वाढते, मागेही तसंच. एकच दांडी, म्हणून बघणाऱ्याला वाटतं आत तारही एकच असेल. प्रत्यक्षात बॉक्समधून दोन केबली निघतात, एक गिअरची आणि एक रेसची, आणि होडीच्या कडेनं, फळीखालून मशीनपर्यंत जातात. त्या कुणाच्या नजरेला पडत नाहीत. दादानंही त्या तीस वर्षांत दोनदाच पाहिल्या असतील.

गेल्या पावसाळ्यानंतर होडी पाण्यात उतरवली तेव्हा दांडी जड झाली होती. दादा पंचाहत्तरीचा. तो म्हणाला, "माझा हातच आता कमी पडतो." आम्हीही ते धरून चाललो. म्हातारपण हे कुठल्याही बिघाडावर सोयीचं उत्तर असतं. मग दिवाळीनंतरच्या एका सकाळी धक्क्याला लागताना दांडी पुढच्या गिअरमधून बाहेरच येईना. दादानं लाल दोरीची किल्ली ओढून मशीन बंद पाडलं, पुतण्यानं बांबू आडवा टाकला, आणि होडी धक्क्याच्या टायरांवर आपटून थांबली. कुणाला लागलं नाही. गंमत अशी की मशीन बंद झाल्याबरोबर दांडी लोण्यातून सुरी यावी तशी न्यूट्रलला आली.

दुसऱ्या गावाहून एक मेकॅनिक आणला. त्यानं दांडी दोनदा हलवली, मशीनवर थाप मारली आणि गिअरबॉक्स गेला असं सांगून मोकळा झाला. जो आकडा त्यानं सांगितला तो ऐकून पुतण्या म्हणाला, "बाबा, आता विकूया." दादा काही बोलला नाही. वहिनी बोलल्या. पौष पौर्णिमेला कूर्मगडावर नरसिंहाची जत्रा भरते आणि तिथे जायला पाण्याशिवाय वाट नाही. जानेवारी २०१९ मध्ये त्याच जत्रेहून परतणारी होडी उलटून माणसं गेली, तेव्हापासून वहिनी दरवर्षी नको म्हणतात आणि दादा दरवर्षी जातो. यंदा त्या एवढंच म्हणाल्या, "जी होडी मागे जात नाही, तिच्यात बसून देवाला जायचं नाही." याला उत्तर नव्हतं.

शेवटी आमचे जुने मेस्त्री आले. मूळचे अंकोल्याकडचे, घरात कन्नड, बाजारात कोंकणी, आणि माझ्याशी, मी शाळेत मराठी शिकवली म्हणून, मुद्दाम मराठी. काम करताना मात्र तिन्ही भाषा एकमेकींत मिसळतात. ते मशीनपाशी वाकले आणि पुतण्याला दांडीपाशी उभं करून म्हणाले, "मुंदे!" मुंदे म्हणजे पुढे, हिंदे म्हणजे मागे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मधल्याला मात्र न्यूट्रलच. त्याला तिन्ही भाषांत शब्द सापडला नाही, किंवा कुणी शोधला नाही.

मेस्त्रींनी गिअरबॉक्सचं नावही काढलं नाही. त्यांनी पुतण्याला विचारलं, "जड कुठं लागतं? सगळीकडे, की न्यूट्रलमधून निघताना?" हा प्रश्न त्या आधीच्या माणसानं विचारलाच नव्हता. दांडीच्या पहिल्या टप्प्यात गिअरची केबल सरकते, त्यापुढे रेसची. कुठे अडतं हे नीट सांगता आलं की अर्धं निदान झालं. आमच्या बॉक्सवर एक बटण आहे. ते दाबून धरलं की गिअर न पडता नुसती रेस देता येते, मशीन गरम करायला. ते दाबून दांडी फिरवली तेव्हा ती बरीच हलकी गेली. म्हणजे मुख्य अडचण गिअरच्या केबलीच्या वाटेवर. जाता जाता मेस्त्रींनी बॉक्सचा एक स्क्रूही दाखवला. दांडी आपोआप मागे सरकत असेल, रेस टिकत नसेल, तर पुष्कळदा तो पिळला की भागतं. "त्यासाठी लोक अख्खा बॉक्स बदलतात," ते म्हणाले.

मग त्यांनी मशीन बंद ठेवून, किल्ली काढून, प्लगच्या टोप्याही उपसल्या, कारण यापुढे पंख्याला हात लावायचा होता. केबलचं टोक मशीनवरून सोडवलं. आता मशीन वेगळं आणि केबल वेगळी. मशीनवरचा गिअरचा लहानसा हात बोटांनी ढकलताना मला पंखा हळूहळू फिरवायला सांगितला. पंखा स्थिर असेल तर आतले दात एकमेकांवर टेकतात आणि गिअर पडत नाही, तिथे जोर केला तर नुकसान. पंखा फिरता ठेवल्यावर तो हात टक्कन पुढे पडला, टक्कन मागे. गिअरबॉक्स गेल्याची एवढी बोंब, आणि तो दोन बोटांनी चालत होता! मग पुतण्यानं दांडी ढकलली. केबलचं सुटं टोक आधी हललंच नाही आणि मग एकदम गचका देऊन पुढे आलं. मेस्त्रींनी बॉक्सकडचंही टोक सोडलं. नुसती दांडी, आतलं ग्रीस जुनं, सुकलेलं असूनही, लहान मूलही फिरवील अशी. म्हणजे दोष ना दादाच्या हातात, ना मशीनच्या पोटात. मधल्या बारा-चौदा फुटांत होता.

केबलच्या आत पोलादाची तार असते, बाहेर प्लास्टिकचं कवच. टोकाशी कवचाला चीर पडली की खारं पाणी आत शिरतं. चालत्या होडीत ते फारसं जाणवत नाही. पण जून-जुलैत मासेमारी बंद, मशीनं ताडपत्रीखाली, आणि दोन-अडीच महिने तार एकाच जागी गंज धरत बसते. गंज फुगतो, तार कवचाला घासते. दादा वरून तेल सोडत असे. त्यानं टोक ओलं होतं, आतपर्यंत काही पोचत नाही. शिवाय मधे कधीतरी कुणी तरी बॅटरीची पेटी बसवताना केबली कोपऱ्यात पार मुडपून ठेवल्या होत्या. वळण निदान वीतभर त्रिज्येचं हवं, मेस्त्री म्हणाले, आणि विळखा तर नकोच.

तरी एक कोडं उरलं होतं: मशीन बंद झाल्यावर दांडी सुटली कशी? त्यासाठी गिअरच्या पोटात काय असतं ते मेस्त्रींनी वाळूत काढून दाखवलं. मशीनच्या उभ्या दांड्याच्या टोकाला एक लहान दातेरी चाक, आणि त्याला दोन्ही बाजूंनी लागलेली दोन मोठी चाकं, एक पुढचं, एक मागचं. ही दोन्ही सतत उलटसुलट फिरतच असतात. मधे पंख्याच्या दांड्यावर एक दातेरी बांगडी. ती ज्या चाकाला जाऊन धरते त्या दिशेनं पंखा फिरतो. मशीन जोर लावत असताना ते दात एकमेकांवर दाबलेले असतात, ते सुटायला तारेचा ओढा पुरेसा हवा. मशीन थांबलं की दाब जातो. आणि आमच्या मशीनची न्यूट्रलमधली रेसही नको तेवढी होती. बहुधा कुणी तरी ते बंद पडू नये म्हणून रेसची केबल ताणून ठेवली होती. चढ्या रेसवर गिअर पडतो तेव्हा कर्रर्र आवाज येतो, तो त्या दातांचे कोपरे झिजण्याचा.

इथे दादाची सवय निघाली. दादा मुळात सौम्य. दारही हळू लावतो. गिअरही तो तसाच, कुणाला दुखू नये अशा बेतानं टाकायचा. मेस्त्रींनी कपाळाला हात लावला. "दादा, ह्याला दया नको. कमी रेस, आणि एका झटक्यात. हळू टाकलात की दात नुसते घासत राहतात." सुरुवातीच्या आउटबोर्ड मशीनांना बहुतेक गिअरच नसायचे, हेही मला तेव्हाच आठवलं. ओले एव्हिन्रूडनं १९०९ च्या सुमारास अमेरिकेत ज्या मशीनांचा धंदा उभा केला, ती सुरू झाली की निघालीच. दादाचा स्वभाव त्या काळाला अधिक मानवला असता.

दोन्ही केबली नव्या आणल्या. रेसची अजून चालत होती, पण ती त्याच वयाची, त्याच पाण्यातली. जुन्यांची लांबी मोजली आणि तेवढ्याच मागवल्या. खर्च गिअरबॉक्सच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याला पोचला नाही. बसवण्यापेक्षा जुळवण्यात वेळ गेला. आधी गिअरची: दांडी न्यूट्रलला, पंखा दोन्हीकडे मोकळा फिरतो ना, आणि मशीनवरचा हात पुढच्या-मागच्या मोकळीकीच्या बरोबर मध्यावर. "मुंदे. हिंदे. स्वल्प मुंदे. साकु, साकु!" टोकाची नट अर्धा फेरा पिळ, पुन्हा सोड. मग रेसची: दांडी पूर्ण पुढे गेल्यावर कार्बोरेटर पूर्ण उघडतो का, आणि मागे आल्यावर पूर्ण मिटतो का. हे मिटणं महत्त्वाचं. तिथेच आमची चढी रेस लपली होती. शेवटी नव्या पिना. जुन्या पिना पुन्हा वापरू पाहणाऱ्या पुतण्याला मेस्त्रींनी कन्नडमध्ये जे सांगितलं ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही.

चाचणी धक्क्याला दोरानं दोन्हीकडून बांधून घेतली. दादानं दांडी हातात घेतली, सवयीनं हलकेच पुढे न्यायला लागला आणि मेस्त्री ओरडले. मग त्यानं ओठ आवळून झटका दिला. टक्. दोर ताणला. न्यूट्रल. मागे. टक्. दुसऱ्या बाजूचा दोर ताणला.

वहिनी वर धक्क्यावर उभ्या होत्या. त्यांनी ते पुन्हा करायला लावलं. मग आणखी एकदा. तीनदा होडी मागे ओढली गेलेली पाहिल्यावर त्या पुतण्याला म्हणाल्या, "लाइफ जॅकेटं किती आहेत रे आपल्याकडे?"

"सहा."

"मग सहाच माणसं. सातवं कुणी आलं तर त्याला घरी जेवायला थांबवा."