पहिल्या तुकडीची नावे

‘ग्रंथालय आणि समाजमाध्यमे’ या विषयावर स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. विषय माझ्या व्यवसायातलाच आहे. तथापि त्यावर व्याख्यान देण्यापेक्षा आपल्याच शाळेच्या एका छायाचित्राची हकिकत सांगणे मला अधिक प्रामाणिक वाटते. कारण त्या हकिकतीत माझी एक चूक आहे.

मी याच वसतिगृहात वाढलो आणि पुढे ठाण्यातील एका महाविद्यालयाचा ग्रंथपाल झालो. टेंभी नाक्यावरील माझ्या घरापासून ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वि. ल. भावे प्रभृतींनी 1893 साली स्थापन केलेल्या त्या संस्थेत उमेदवारीच्या काळात मी कितीतरी संध्याकाळी काढल्या. पुस्तकाविषयी जे सांगावयाचे ते ग्रंथपालाने तालिकेत सांगावे आणि वाचकाने ते निमूटपणे मान्य करावे, अशी त्या काळी माझी समजूत होती.

ती ढळली 2008 साली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्या वर्षीच्या जानेवारीत सुमारे 3,000 जुनी छायाचित्रे ‘फ्लिकर’ या संकेतस्थळावर ठेवली आणि पाहणाऱ्यांनी आपल्याला ठाऊक असलेली माहिती खाली लिहावी, असे आवाहन केले. लोकांनी गावे ओळखली, इमारती ओळखल्या, माणसे ओळखली. त्या माहितीची पडताळणी करून ग्रंथालयाने वर्ष संपण्यापूर्वीच 500हून अधिक नोंदी सुधारल्या. यातील ‘पडताळणी’ हा शब्द मी तेव्हा वाचला. मनावर मात्र घेतला नाही.

निवृत्तीनंतर शाळेचे ग्रंथालय लावण्याचे काम संस्थेने माझ्याकडे सोपविले. आम्ही ‘कोहा’ ही विनामूल्य संगणक प्रणाली घेतली. ती न्यूझीलंडमध्ये तयार झाली असून ‘कोहा’ या माओरी शब्दाचा अर्थ भेट असा आहे, हे ऐकून मुलांना मोठी गंमत वाटली. या प्रणालीत वाचकाला पुस्तकाच्या नोंदीखाली आपला शब्द जोडता येतो. दया पवारांच्या ‘बलुतं’ची नोंद मी रीतसर ‘आत्मचरित्र’ अशी केली होती. आठवड्याभरात तिच्याखाली नववीतल्या कोणा मुलाने लिहिले : ‘सुट्टीत घरी नेऊन वडिलांना वाचून दाखवण्यासारखे’. चाळीस वर्षांच्या नोकरीत मला असा विषयशब्द सुचला नव्हता. अर्थात ‘कंटाळवाणे’ असा शेरा मिळालेली पुस्तकेही पुष्कळ आहेत आणि त्यांतील निम्म्यांच्या बाबतीत मी मुलांशी सहमत आहे.

या यशाने माझी भीड चेपली. कपाट आवरताना पहिल्या तुकडीचे छायाचित्र सापडले. चौतीस मुले, दोन शिक्षक आणि कडेला अर्धी चौकटीबाहेर गेलेली एक स्त्री. पाठीमागे ‘पहिली तुकडी’ एवढेच शब्द. नवरात्राचे दिवस होते. टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाची गर्दी इतकी, की संध्याकाळी घराबाहेर पडणे अशक्य. ध्वनिक्षेपकाच्या गजरात खिडक्या लावून बसलो, छायाचित्र स्कॅन केले, प्रत्येक चेहऱ्यावर क्रमांक घातला आणि फेसबुकवर ठेवून दिले.

पाच दिवसांत एकवीस नावे मिळाली. कडेची स्त्री म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या मावशी, हे तिघांनी एकाच रात्री लिहिले. शाळेच्या कोणत्याही नोंदवहीत त्यांचे नाव नव्हते. ते मला कळले तेव्हा, खोटे कशाला सांगू, डोळे भरून आले.

सहाव्या दिवशी अकरा क्रमांकाच्या मुलाचा फोन आला. मुलगा कसला, साठी उलटलेले गृहस्थ. त्यांचे नाव, गाव आणि आताचे आडनावही कोणा जुन्या मित्राने प्रेमाने लिहिले होते. ते म्हणाले, “सर, तेवढे काढून टाका. आडनाव मी उगाच बदललेले नाही. मुलीच्या सासरी अजून काही ठाऊक नाही.”

मला प्रथम राग आला. ज्या शाळेने घडविले तिची लाज कसली, असे मी बोलूनही गेलो. ते शांतपणे म्हणाले, “लाज नाही सर. भाड्याच्या घरांसाठी सात दारे फिरलो आहे. तुम्ही किती फिरलात?” मी किती फिरलो होतो, हे मला पक्के आठवत होते. टेंभी नाक्यावरचे घर मिळण्यापूर्वीची आमची दोन वर्षे त्यातच गेली. मी नोंद त्याच क्षणी पुसली. पण तोवर ती दोन व्हॉट्सॲप समूहांवर गेली होती आणि तेथून परत आणणे माझ्या हाती नव्हते. महाविद्यालयात कोणत्या वाचकाने कोणते पुस्तक नेले, हे मी कधी प्राचार्यांनाही सांगितले नाही. तोच मी, एका माणसाचे आयुष्य त्याला न विचारता चव्हाट्यावर मांडून बसलो होतो.

ते छायाचित्र आता फेसबुकवर नाही. एका जाड वहीत क्रमांक घातले आहेत आणि प्रत्येकाला स्वतः विचारून, चारचौघांत दाखवायचे की केवळ वहीत ठेवायचे, हे त्यापुढे लिहिले आहे. शिकत असलेल्या मुलांची छायाचित्रे पालकांच्या संमतीशिवाय कोठेही जात नाहीत. पुस्तकांवरचे शेरे मात्र चालू आहेत. त्यांवर मुलांची नावे दिसत नाहीत. मावशींच्या कन्येने आनंदाने होकार दिला आणि आईचे पूर्ण नाव स्वतःच्या हाताने वहीत लिहिले. अकरा क्रमांकापुढची जागा कोरी आहे.

मागच्या रांगेतील डावीकडून दुसरा, सहावा आणि खांबाआडचा मुलगा यांची ओळख अद्याप पटलेली नाही. ज्यांना ती पटेल त्यांनी रविवारी दहा ते एक या वेळेत ग्रंथालयात यावे. वही माझ्या टेबलाच्या खणात असते.