हाराआधीचा फोटो

कोकणातल्या तालुक्याच्या गावात फोटो स्टुडिओ चालतो तो पासपोर्ट साइजवर, लग्नांवर आणि तेराव्याच्या आत लागणाऱ्या मोठ्या फोटोवर. या शेवटच्या कामासाठी आलेला माणूस काउंटरवर मोबाइल ठेवतो आणि लग्नाच्या ग्रुपमधला एक चेहरा बोटांनी मोठा करून दाखवतो. ‘‘एवढी आई काढून द्या.’’ आईच्या गालाला कुणाचा तरी खांदा लागलेला असतो आणि ती भलतीकडेच बघत असते.

नुसत्या पोर्ट्रेटचा व्यवसाय सुरू करायचा म्हटल्यावर मला रस्ता दिसला तो इथे. भिंतीवरच्या १२ बाय १८ इंची नीट प्रिंटला ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. ग्रुपमधून कापलेल्या चेहऱ्यात त्यातले शे-दीडशे हाती येतात. उरलेलं हल्ली सॉफ्टवेअर भरून देतं, पण ते भरतं ती कातडी कुणाचीही असू शकते. देवीचे व्रण जातात, ओठाजवळचा तीळ जातो. मुलगा ‘‘छान आलाय’’ म्हणतो आणि पुन्हा पुन्हा बघत राहतो. ते बघणं मला सहन होत नाही. म्हणून मी ठरवलं, म्हाताऱ्या माणसांचे फोटो त्यांच्या हयातीत, त्यांच्याच घरी जाऊन काढायचे.

गिऱ्हाईक मिळणं सोपं नव्हतं. पैसे मुलगा देतो, पण नकार आजी देते. ‘‘बाळा, आत्ताच कशाला? मला घालवायची घाई झाली काय?’’ फोटोने आयुष्य कमी होतं असं मानणारी माणसं अजून आहेत आणि त्यांच्याशी वाद घालायचा नसतो. पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन, पणतवंडाचं बारसं असं निमित्त असलं की तीच आजी स्वतः पेटीतलं लुगडं काढते.

जागा म्हणून पडवीच्या तोडीचं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. पागोळ्यांपर्यंत उतरलेलं छप्पर डोक्यावरचं ऊन अडवतं आणि उजेड समोरून, मऊ होऊन आत येतो. अडचण जमिनीची असते. लाल कोब्यावरून उसळलेला प्रकाश हनुवटीखाली तांबूस छटा चढवतो, म्हणून माणसाच्या पायांपुढे मी पांढरी चादर अंथरतो. लेन्स ८५ मिलिमीटरची, अंतर सहा-सात फुटांचं. मोबाइल तोंडाजवळ नेला की नाक फुगतं आणि कान मागे जातात. चष्म्यात अंगण चमकत असेल तर दांड्या कानांवरून जरा वर उचलायच्या, काच खाली झुकते आणि डोळे दिसतात. पांढरी टोपी आणि रापलेला चेहरा एकत्र आले की कॅमेऱ्याचं मोजमाप चुकतं. तिथे मी चेहऱ्यावरच्या उजेडावर जातो, फक्त टोपीची वीण पुसली जात नाही ना एवढं बघतो.

खरं काम मात्र ताठरपणा उतरवण्याचं. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. त्या काळात प्लेट काही सेकंद उघडी ठेवावी लागे आणि डोकं हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावत. आधार गेला, पण फोटो म्हटलं की श्वास रोखून बसायचं हे मला वाटतं तिथूनच आपल्या घरांत उतरलं. ‘हसा’ म्हणून ते सुटत नाही. हातांना काम द्यावं लागतं. आजोबांकडे अडकित्ता द्यावा, आजीपुढे वातींचा कापूस ठेवावा. हात रमले की खांदे आपोआप खाली येतात आणि मग नावाने हाक मारली की वर येणारी नजर त्या माणसाची स्वतःची असते. गौतम राजाध्यक्षांच्या ‘चेहरे’मध्ये सगळी नामवंत मंडळी आहेत, तरी चेहऱ्याशी इतक्या मायेने वागणारा प्रकाश मी तिथेच शिकलो.

दराबद्दल मी ठाम आहे. ‘‘कॉपीचे किती?’’ असं विचारतात, पण मी कॉपीवर पैसे घेत नाही. बैठक, निवड आणि फ्रेम केलेली एक प्रिंट यांचा मिळून एकच दर. पेनड्राइव्हमध्ये शंभर फोटो दिले तर ते तिथेच राहतात, भिंतीवर एकही चढत नाही. इथल्या दमट हवेत फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना सोलून निघतो, म्हणून कागद आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालून फट ठेवावीच लागते. त्याचा खर्च मी दरात धरतो. स्वस्त फ्रेम मागणाऱ्याला नाही म्हणतो.

सगळ्यात जास्त ऑर्डरी येतात गणपतीत. चाकरमानी आलेले असतात, घर भरलेलं असतं, आजी नव्या पातळात असते आणि नातवंडांपुढे तिचा नकार टिकत नाही. बरेच जण शिमग्याला येतात तेव्हाच मला गाठतात आणि ‘‘गणपतीला बघू,’’ म्हणतात. मी त्यांना पालखी घरी येण्याच्या दिवशीचीच सकाळ देऊ करतो. तोवर थांबायचं कशाला?