पोस्टमन, लोकल आणि रेंज

मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं आणि पुढे काही वर्षांनी माझ्या वडिलांनी बी.ए.ला नाव घातलं. दिवसभर अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, रात्री जेवण झालं की ट्यूबलाइटखाली. पोस्टमन नोट्सचं जाडजूड पाकीट आणून टाकायचा. अडलं तर विचारायचं कुणाला? वडील समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायचे आणि पान उलटायचे. अर्थशास्त्राच्या नोट्स प्रश्नचिन्हांनी भरलेल्या. त्यात ते दोनदा नापास झाले, ते काही उगाच नाही.

१९८४ साली दूरदर्शनवर यूजीसीचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' आला. भर दुपारी, इंग्रजीतून. शेजाऱ्यांकडे जाऊन मी तो भक्तिभावाने बघायचे. कळायचं फार थोडं.

मला मात्र कॉलेज मिळालं. बदलापूरहून लोकल, मध्ये एकटं अंबरनाथ, की उल्हासनगर; स्टेशनसमोरच चांदीबाई कॉलेज. खरं सांगायचं तर तासाला अर्धं डोक्यावरून जायचं. माझा ताळेबंद जुळायचा तो बाहेर, दाल-पकवान खाताना. जुळवून द्यायची माझी सिंधी मैत्रीण. तिच्या वडिलांचं उल्हासनगर कॅम्पात कापडाचं दुकान. नावे-जमा ती घरीच शिकली होती. 'अगं वेडे, हे इकडे,' म्हणत वहीवर बोट ठेवायची. बोटाला चटणी असायची.

मार्च २०२०मध्ये लोकल थांबल्या आणि लेकीचा वर्ग फोनवर आला. तेव्हा मी नाकं मुरडली, पण व्हिडिओतले तिचे गणिताचे सर माझ्या कुठल्याही सरांपेक्षा सरस, हे कबूल करते. एकच पायरी ती पाच वेळा मागे नेऊन बघायची. वडिलांना हे मिळतं तर! तरी एक शंका तिने लिहून पाठवली, तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं: व्हिडिओ पुन्हा पाहा.

म्हणजे पुन्हा समासातलं प्रश्नचिन्हच.

आमच्या कामवाल्या ताईंची दोन मुलं. घरात फोन एक, तोही वडिलांबरोबर कामावर जायचा. रेंजचा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. आता दोघं रविवारी सकाळी आमच्याकडे येतात, लेकीचा फोन मधोमध ठेवून बसतात. येत्या जूनपासून लेक बाहेरगावी चालली आहे. बदलापूर पूर्वेला राहणाऱ्या कुणाला दहावीचं बीजगणित येत असेल तर कळवा. धडे फोनवर आहेतच. शेजारी बसणारं माणूस हवंय.