गाडीचं बीपी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार
ताईला पोलादपूरला सोडलं आणि घरी परतायचं सोडून आंबेनळी घाट चढलो. गाडी आप्पांची, आरएक्स १००, १९९३ची. पंधरा दिवसांपासून तिचं डोकं फिरलंय. नाक्यावर थांबलं की रेस आपोआप वर जाते, मग खाली येते, मग गाडी बंद. चालवताना मूठ सोडली तरी इंजिन दोन-तीन सेकंद कोकलतच राहतं. चोक अर्धा ओढला की लगेच शहाणी होते.

गंमत म्हणजे घाट चढत गेलो तशी ती सुधारत गेली. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंच. तिथली हवा विरळ, जेटमधून पेट्रोल मात्र जवळपास तेवढंच, म्हणजे मिश्रण आपोआप दाट. दाट मिश्रण मानवतंय, म्हणजे खाली ती कोरडी चालतेय. पेट्रोल कमी पडतंय की हवा जास्त जातेय, हे मात्र घाटाने सांगितलं नाही.

उतरताना जपून आलो. ऑइल पंप आम्ही कधीच काढून टाकलाय. टूटी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतो. मूठ बंद ठेवून लांब उतार उतरलं तर पिस्टनला पेट्रोलही नाही आणि ऑइलही नाही. म्हणून दर वळणानंतर क्लच दाबून थोडी रेस द्यायची. मागच्या एसटीवाल्याला वाटलं असणार, पोरगं माज करतंय. पोरगं बेचाळीस वर्षांचं आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार
फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर बिरवाडीत मिस्त्रींकडे. त्यांनी कान लावला आणि म्हणाले, "सगळं त्या नव्या पेट्रोलचं." कार्बोरेटर साफ केला, मेन जेट एक नंबर मोठा टाकला, एअर स्क्रू अर्धा फेरा आत घेतला. जुना जेट कागदात गुंडाळून माझ्या खिशात.

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. नव्या पेट्रोलसारखं वीस टक्के इथेनॉल मिसळलं की आकडा साडेतेराच्या आसपास येतो. जेट तोच ठेवला तर मिश्रण कोरडं पडणारच. पण मग ते रोज सारखंच कोरडं पडायला हवं. हिचं घटकेत असं, घटकेत तसं. पेट्रोलला असे झटके येत नाहीत.

घरी आप्पांचा सल्ला : "ऑइल वाढव, इंजिन थंड राहील." त्यांना समजावणं जड गेलं. जेटचं भोक तेवढंच. त्यातून ऑइल जास्त गेलं म्हणजे पेट्रोल कमी गेलं, म्हणजे गाडी आणखी कोरडी. ते म्हणाले, "बत्तीस वर्षं मी चालवली." यावर कोण काय बोलणार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
दोन दिवस बरी होती. आज सकाळी पुन्हा तेच, फक्त आवाज जरा जाडा. प्लग काढला. भाजलेल्या बिस्किटाचा रंग हवा, निघाला खडूसारखा. मोठ्या जेटनेही फरक नाही, म्हणजे हवाच कुठून तरी जास्त जात असणार.

१६ नोव्हेंबर, रविवार
बायकोने कुंड्यांसाठी आणलेली फवाऱ्याची बाटली घेतली. गाडी स्लोवर ठेवून आधी कार्बोरेटरच्या रबरावर, मग सिलिंडरखालच्या पॅकिंगवर पाणी मारलं. फट असेल तर पाणी ती क्षणभर बुजवतं आणि रेस बदलते. काहीच बदललं नाही. (पुस्तकी लोक इथे पेट्रोल मारतात. तापल्या इंजिनावर! आमच्या प्लान्टमध्ये असं कुणी केलं तर संध्याकाळपर्यंत गेटबाहेर.)

उरली पाणी न पोचणारी जागा, मॅग्नेटमागचं क्रँक सील. फोर-स्ट्रोकमध्ये सील गेलं की ऑइल गळतं, जमिनीवर डाग दिसतो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच लोहाराचा भाता. पिस्टन वर गेला की तो खालून मिश्रण ओढतो. सील गेलेलं असेल तर तिथूनही हवा ओढतो, कार्बोरेटरला न विचारता. जेट कितीही मोठा करा, ही हवा मोजलेलीच नसते. डाग नाही, थेंब नाही. उजवीकडचं, क्लचच्या बाजूचं सील असतं तर गिअर ऑइल आत ओढलं जाऊन पांढरा धूर निघाला असता. धूर नाही, ऑइलची पातळीही तशीच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
वहिनी आरोग्यसेविका. तिच्याकडे बीपीचं जुनं, काट्याचं यंत्र पडून होतं, कफ फाटलेला. "कोणाचं बीपी बघणार?" म्हणाली. सांगितलं तर हसत सुटली.

प्लान्टमध्ये फ्लँज उघडून पुन्हा बांधला की लाइनमध्ये सॉल्व्हंट सोडण्याआधी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचं पाणी लावतो. काटा उतरला तर फ्लँज शोधतो, पंपाचा वेग वाढवत बसत नाही. गाडीच्या बाबतीत मी आठवडाभर नेमकं तेच करत होतो.

सायलेन्सर काढून तिथे रबर शीट आणि पत्रा. कार्बोरेटरच्या जागी निपल बसवलेला दुसरा पत्रा. रीड व्हॉल्व्ह हवा आतच जाऊ देतो, म्हणून याच बाजूने फुगवायचं. पिस्टन तळाला. फुगा दाबत काटा ३०० वर नेला. पाऱ्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे साधारण पावणेसहा पौंड, सील सहन करतं. मिनिटात पन्नासेक उतरला तर चालतं. इथे मिनिटात नव्वदवर आला. आप्पा खुर्चीत बसून बघत होते. "माझं यापेक्षा बरं आहे," म्हणाले.

मॅग्नेटचं झाकण काढून मागे साबणाचं पाणी सोडलं. रोटरच्या कडेने फेस आला, बारीक, शांत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
पुलर लावून मॅग्नेट काढला. सील दगडासारखं कडक झालेलं, आणि ओठावर एका जागी खाच. ती खाच झिजेची नव्हती. स्क्रूड्रायव्हरची होती.

२२ जुलै २०२१ला सावित्री नदी महाडात शिरली तेव्हा गाडी हँडलपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर घरातला चिखल आधी, गाडी नंतर. महिन्याभराने इंजिन मीच उघडलं, सीलही मीच बसवलं, मिळालं ते, विना मार्काचं. वाकडं बसत होतं म्हणून स्क्रूड्रायव्हरने ढकललेलंही आठवतं. तेव्हा गाडी एकदाची चालू झाली यातच सगळे खूश होते. नवं सील आज ओठाला ग्रीस लावून, सपाट नळीने सरळ ठोकलं. काटा ३०० वरून मिनिटात २८५.

मिस्त्रींना सील गेलं होतं एवढंच सांगितलं.

२३ नोव्हेंबर, रविवार
पुन्हा आंबेनळी. खाली रेस घड्याळासारखी, मूठ सोडली की लगेच बसते. पण वाडा कुंभरोशीच्या पुढे गाडी गुदमरायला लागली. भडभड आवाज, ओढ नाही. वर पोचून प्लग काढला, काळा, ओला. तेव्हा लक्षात आलं, मिस्त्रींचा मोठा जेट अजून तसाच आहे. जुना पँटच्या खिशात होता. पँट गुरुवारी धुवायला गेली.